एक शेगडी, चार चिमटे

कोरियन बार्बेक्यू खायला मित्रांबरोबर जायचं असेल, तर टेबल राखून ठेवण्याआधी मित्रांची जात विचारून घ्या. हे वाक्य वाचून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांच्यासाठीच हा लेख आहे. ज्यांच्या पडल्या नाहीत, त्यांना यातलं सगळं पाठ असतं.

‘आमच्या ग्रुपमध्ये कोणी जातबित मानत नाही’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते कानावर पडलं की माझी नजर आपोआप टेबलाकडे जाते. पिझ्झ्यासमोर बसलेला ग्रुप खरोखरच जात मानत नाही, कारण पिझ्झा अर्धा असा, अर्धा तसा मिळतो. थाळीसमोर मानायची गरज नसते, ज्याचं ताट त्याच्यापुढे. बुफेत दोन टोकांना दोन रांगा असतात. कोरियन शेगडी मात्र यातली कुठलीच सवलत देत नाही. टेबलाच्या मधोमध खळगा, त्यात निखारे किंवा गॅस, वर एक जाळी, छतातून लोंबणारी धूर ओढणारी नळी. एक चिमटा, एक कात्री. जाळीवर पडेल ते सगळ्यांचं. भाजणारा भाजतो, कात्रीने तुकडे पाडतो, बाकीचे आपापल्या काड्यांनी उचलतात, लेट्यूसच्या पानावर ठेवतात, वर सोयाबीनची तिखट चटणी नि लसणाची पाकळी, पान मिटलं की एका घासात तोंडात. भोवती बानचानच्या वाट्या: किमची, मुळा, मोड आलेलं सोयाबीन. त्या वाट्याही टेबलाच्या, माणसागणिक नव्हेत. संपल्या की पुन्हा भरून येतात. शेवटी उकळता रस्सा येतो आणि त्यात सगळ्यांचे चमचे बुडतात. थोडक्यात, दुसऱ्याचं उष्टं खाल्ल्याशिवाय हे जेवण पुरं होत नाही. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांना ते उष्टं वाटत नाही, एवढाच फरक.

आणि आपल्याला नेमकं हेच जेवण हवं झालंय. लॉकडाऊनमध्ये कोरियन मालिका बघून झाल्या, ‘स्क्विड गेम’ झाला, तंबूत बसून सोजू पिणारे उदास नायक झाले. पुण्यात कोरियन खाणावळी आल्या त्या रांजणगावच्या एलजीसारख्या कारखान्यांमुळे, घरची आठवण काढणाऱ्या कोरियन इंजिनिअरांसाठी. मुंबईत गर्दी होते ती मोबाइल उभा धरून जाळीचा व्हिडिओ काढणाऱ्यांची. त्याबद्दलही माझी तक्रार नाही. हौस आहे, पैसे आहेत, खावं.

आमचं ठरलं तेव्हा पहिला अडथळा कालनिर्णयचा आला. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी नेमकी संकष्टी. शुक्रवार मला चालेना, कारण आम्हा ख्रिस्त्यांचा उपवासकाळ चालू होता आणि त्यातल्या शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. (हो, आम्हालाही वार असतात. आमचा वार दुसऱ्याच्या जाळीवर पाळत ठेवत नाही, एवढंच.) शेवटी रविवार उरला. आमच्या वसईतल्या गिरीजहून मुंबईत जेवायला जायचं म्हणजे आधी बस, मग लोकल, मग रिक्षा. परतीची शेवटची विरार डोक्यात धरूनच पहिला घास घ्यायचा.

टेबलाला आम्ही सात जण. मी वसईचा ख्रिस्ती. एक साताऱ्याचा. एक डोंबिवलीचा, चिकनपलीकडे न जाणारा. बोरिवलीचं शाकाहारी जोडपं. एक पुण्याची. आणि एक असा, ज्याची जात आम्ही कधी विचारली नव्हती आणि त्यानेही कधी सांगितली नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना ठाऊक होती.

डुकराच्या पोटाच्या मांसाची ताटली आली. साम्ग्योप्साल. चरबी, मांस, चरबी असे थर. आणि चिमटा कोणी काही न बोलता माझ्याकडे सरकवला. ‘तू कर. तुला सवय आहे.’

कसली सवय? मी बँकेत काम करतो. आयुष्यात मी डुकराचं मांस कधी भाजलेलं नाही. आमच्याकडे ते भाजत नाहीत, शिजवतात. व्हिनेगरात मुरवून, बाटलीतल्या मसाल्यात, मंद आचेवर, आणि ते काम माझी आई करते. पण मित्रांच्या हिशेबी ख्रिस्ती म्हणजे डुकराचा तज्ज्ञ. कोरियातही चिमटा कोणाच्या हाती जायचा हे ठरलेलं असतं. तिथे ते वयावर नि हुद्द्यावर ठरतं. ऑफिसची मंडळी एकत्र जेवायला जातात, त्याला ते ह्वेशिक म्हणतात. त्यात नव्या पोराच्या वाट्याला धूर आणि साहेबाच्या वाट्याला पहिला तुकडा. थोरांच्या पेल्यात सोजू ओतायची तीही दोन्ही हातांनी. मला त्या पद्धतीचं कौतुक नाही. पण तिथला पोरगा कधीतरी थोर होतो आणि चिमटा त्याच्या हातून सुटतो. माझा कधी सुटायचा?

मग फॉइल आली.

बोरिवलीकरांनी वेटरला बोलावून जाळीच्या मधोमध अॅल्युमिनियम फॉइलची भिंत उभी करायला लावली. अलीकडे मशरूम, मका नि पनीर, पलीकडे आम्ही. त्यावर डोंबिवलीकराला आठवलं की चिकनही डुकराला लागता कामा नये. म्हणून आणखी एक भिंत. पुण्याच्या मैत्रिणीने ‘बफ’ मागवलं होतं, ते डोंबिवलीच्या हद्दीला लागून चालणार नव्हतं. तिसरी भिंत. चार भाग, चार चिमटे. एवढ्या मांडणीनंतर जाळीवर मांस भाजायला जागा उरली होती रुमालाएवढी. आणि चरबीला भूगोल कळत नाही. डुकराची चरबी वितळली, फॉइलखालून ओघळली आणि शांतपणे मक्याच्या दाण्यांना जाऊन मिळाली. बोरिवलीची वहिनी किंचाळली. व्यवस्थापक धावत आला. शेवटी शेजारच्या टेबलावर वेगळी शेगडी, वेगळी भांडी आणि वेगळं जोडपं. एकत्र जेवायला म्हणून आम्ही आलो होतो.

‘शाकाहारी माणसाने करायचं तरी काय?’ असं कोणी विचारील. विचारावंच. कोरियातल्या बौद्ध मठांत शतकानुशतकं चालत आलेला स्वयंपाक आहे, त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. जॉंग क्वान नावाची भिक्खुणी त्यासाठी जगभर नावाजली आहे. २०१७ साली नेटफ्लिक्सने तिच्यावर ‘शेफ्स टेबल’चा एक भाग केला. म्हणजे कोरियन जेवण पवित्र राखून खायचं असेल, तर त्याची सोय कोरियन लोकांनीच करून ठेवली आहे. पण ते जेवण कोणाला नको आहे. त्यात निखारे नाहीत, धूर नाही, व्हिडिओ नाही. आपल्याला डुकराच्या जाळीवरचं पनीर हवं, पण डुकराशिवाय.

आमच्यातला तो सातवा मित्रही शाकाहारी आहे. त्याने स्वतःचे मशरूम आमच्याच जाळीच्या कडेला लावले, भाजले, कागदाने पुसून खाल्ले. मी विचारलं, चालतं का? तो म्हणाला, ‘मांस मी खात नाही. जाळी खाते की नाही, ते तिचं ती बघेल.’ त्यामुळे शाकाहाराला माझा विरोध आहे, असं कृपा करून लिहून कळवू नका.

दरम्यान शेजारच्या टेबलावर किमचीची दुसरी वाटी संपत होती. अस्सल किमचीत खारवलेली बारीक कोळंबी पडते, कधी माशांचं आंबवलेलं पाणीही. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली. इथल्या किमचीत ती घातली होती की नव्हती ते स्वयंपाकघराला ठाऊक. बोरिवलीकरांनी विचारलं नाही. पाचूबंदरच्या नि अर्नाळ्याच्या कोळिणी पाट्या घेऊन लगेजच्या डब्यात चढतात, तेव्हा शेजारच्या डब्यात नाकाला रुमाल लावणारे मी रोज पाहतो. तोच खारवलेला वास काचेच्या वाटीत, लाल तिखटात बुडून आला की त्याला ‘फर्मेंटेड फ्लेवर’ म्हणतात आणि वाटी पुन्हा भरून मागतात. (ते लाल तिखटही गमतीचं आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांनी आशियात आली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या वाटेने कोरियात पोचली. वसईच्या मसाल्यात आणि त्यांच्या किमचीत एकाच मालकाच्या जहाजांचा माल आहे.)

गोमांसाचा विषय टाळता येत नाही, कारण कोरियात बुल्गोगी म्हटलं की सहसा गाईबैलाचंच मांस. आपल्याकडे गोहत्येला १९७६च्या कायद्याने बंदी होती, २०१५मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे इथे बुल्गोगी म्हशीची किंवा कोंबडीची. पुण्याच्या मैत्रिणीने सोलला जाऊन तिथल्या देशी गाईचं मांस खाल्लं होतं, फोटोखाली अर्ध्या नातेवाइकांनी बदाम टाकले होते. इथे तिने वेटरला तीनदा विचारलं, म्हशीचंच ना? पोलिसांच्या भीतीने विचारलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण तिचं म्हणणं वेगळं होतं: ‘तिकडचं वेगळं रे.’ तिकडची गाय म्हणजे बहुधा आपली कोणी लागत नसावी.

आणि तो वेटर. त्याला आमच्यातल्या दोघांनी हात जोडून ‘अन्यांगहासेयो’ केलं. पोरगा मणिपूरचा निघाला. मणिपुरात २०००मध्ये अतिरेक्यांनी हिंदी सिनेमावर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन वाहिन्यांनी भरली. आपण २०२०मध्ये जे शोधून काढलं ते त्याच्या थोरल्या बहिणींनी शाळेत असताना पाहिलं होतं. डोळ्यांवरून देश ठरवणाऱ्या गिऱ्हाइकांना तो हसून नमस्कार करतो, कारण टिप त्यावर ठरते. त्याच्या घरीही डुक्कर शिजत असेल. ते आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

आता साताऱ्याच्या मित्राकडे येतो, कारण हा सगळा लेख मुळात त्याच्यामुळे आहे. साम्ग्योप्साल सर्वांत जास्त त्याने खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. ‘काय पोर्क आहे यार, नुसतं विरघळतंय.’ हा माणूस कॉलेजपासून आमच्या गिरीजच्या घरी येतो. वाडीतली केळी नेतो, नारळ नेतो, विहिरीत पोहतो. नाताळात केक खातो, तोही ‘अंड्याशिवाय दारू वगैरे काही नाही ना’ असं विचारून. पण आमच्या त्या व्हिनेगरातल्या डुकराची, इंद्यालची बशी पुढे आली की त्याचा चेहरा बदलतो. ‘डुक्कर नको रे. आमच्यात चालत नाही.’ माझ्या आईने इतक्या वर्षांत त्याला कधी आग्रह केला नाही. तिला सवय आहे. या बाबतीत सवय खरोखरच आहे.

मुंबईत चालतं आणि गिरीजला चालत नाही, असं कुठलं डुक्कर? दोन्हीकडे तोच प्राणी. उलट आमचं रात्रभर मुरलेलं, आणि आईने केलेलं. आणि तीच अडचण आहे. आईच्या टोपातलं खाल्लं की ते कोणाच्या तरी हातचं होतं. ख्रिस्ती बाईच्या हातचं, ख्रिस्ती चुलीवरचं, ख्रिस्ती घराच्या ओट्यावर बसून. मुंबईत ते कोणाच्याच हातचं नसतं. त्याचे पैसे मोजलेले असतात, माणशी दोन हजारांच्या पुढे, वर जीएसटी. विकत घेतलेल्या घासाला वाढणारा नसतो, म्हणून त्याला जातही नसते. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला घास मात्र घशाखाली उतरत नाही, कारण तो घेतला की शेजाऱ्याशी बरोबरी मान्य करावी लागते.

आमच्या वसईत हे फार जुनं दुखणं आहे. १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांबद्दल अजून सांगतात, की पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालेलं गाव बाटलं. कोणी पाव सांगतं, कोणी गोमांस. गोष्ट खरी की रचलेली, याचा वाद इतिहासकारांनी घालावा. पण ती रचलेली असली तरी रचणाऱ्यांना आपला समाज नीट ठाऊक होता. त्या गोष्टीत पाव टाकणारा परका आहे, पण ‘तुम्ही बाटलात’ म्हणून दार लावून घेणारे शेजारी आहेत.

मुंबईत १८४९मध्ये परमहंस सभा निघाली. जात मोडायला निघालेली सुशिक्षित तरुण मंडळी. सभासद होताना ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. हे सगळं गुपचूप, बंद दाराआड. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा गारद झाली. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे केली. रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी चहाला गेलेल्यांची नावं छापून टाकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि एका कपापायी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण काशीला घेतल्याचं दाखवून दिलं. त्या चहाची आज आपण गंमत सांगतो. सांगताना हातात वडापाव असतो. तो पाव पचला, कारण तो दुकानात मिळू लागला. पाववाल्याच्या घरी बसून खावा लागला असता तर आजही प्रायश्चित्ताचा दर ठरवावा लागला असता.

आमच्या लोकांनी यावर टाळ्या वाजवू नयेत. आमच्याकडच्या लग्नांत हिंदू पाहुण्यांसाठी वेगळा आचारी, वेगळा मांडव मी लहानपणापासून पाहिला; त्याला आम्ही आदरातिथ्य म्हणायचो आणि अपमान गिळायचो. पण त्याच वाडीत काम करणाऱ्या आदिवासी बायका मागच्या अंगणात, वेगळ्या ताटलीत जेवायच्या, आणि त्याबद्दल प्रवचनात कोणी ब्र काढला नाही. सोयरीक जुळवताना कुपारी कोण, वाडवळ कोण, कोळी कोण, हे आमच्यातही अजून बरोबर आठवतं. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं, जात मानेखाली कोरडी राहिली.

बाबासाहेबांनी १९३६मध्येच लिहून ठेवलं, की नुसत्या सहभोजनाने जात मरणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. ते खरंच आहे. पण आपण तर त्या पहिल्या पायरीवरूनही मागे उतरतोय, आणि तेही शिकलेली मंडळी. २०२३मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांच्या सामाईक खानावळीत सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. विरोध म्हणून तिथे बसून मांसाहार केल्याबद्दल दहा हजारांचा दंड झाला. २०२४च्या मार्चमध्ये झोमॅटोने शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतले वेगळे पोचवणारे जाहीर केले. लोक चिडले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले, वेगळेपण ठेवलं. हे सगळे ‘ज्याची त्याची आवड’ म्हणतात. आवड ताटापुरती असते. फॉइलची भिंत माझ्या मांसाच्या कडेने उभी राहते आणि तिकडून मला सांगते, तुझ्या स्पर्शाने माझा मका बिघडतो. ही आवड नव्हे, हा जुनाच विटाळ.

बिल आलं. बोरिवलीकरांनी आपलं वेगळं काढायला सांगितलं. रास्त आहे, शेगडीही वेगळी होती. उरलेलं पाच जणांत वाटलं. साताऱ्याच्या मित्राने शेवटचा तुकडा पानात गुंडाळला, म्हणाला, ‘यंदा नाताळला सगळे गिरीजला जाऊ या. काकूंच्या हातचा केक.’ लगेच ग्रुपवर तारीखही पडली. खाली बोरिवलीची वहिनी: ‘आमच्यासाठी बाहेरून काही मागवाल ना?’

तर हे जाहीर उत्तर. नाताळला या, अगत्याने या. इंद्याल आदल्या दिवशी शिजतं, एका टोपात, एका पळीने. न खाणाऱ्यांसाठी वालाची भाजी, तांदळाच्या भाकऱ्या आणि वाडीतली केळी. भाजी-भाकरी त्याच चुलीवरची, त्याच हातची. बाहेरून काही मागवलं जाणार नाही. पाणी विहिरीचं आहे. ज्यांना यातलं काही चालत नसेल, त्यांनी केकसाठी येऊ नये, केक बेकरीत मिळतो. ज्यांना चालतं त्यांनी शनिवारपर्यंत कळवावं. मांस किती ठेवायचं ते दुकानात आधी सांगावं लागतं.